ऑर्कनीची दफनघरे : मेझहाउ, राउझी आणि हॉय

शनिवार, स्ट्रॉमनेस

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी हा सुमारे सत्तर बेटांचा समूह असून त्यांपैकी वीसेक बेटांवरच आज माणसे राहतात. नवाश्मयुगात बांधलेल्या दफनवास्तू मात्र वस्ती असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या बेटांवर विखुरलेल्या आहेत. मुलगी नोकरीनिमित्त इन्व्हर्नेसला असल्यामुळे जूनमध्ये तिच्याकडे जाणे झाले आणि तिने रजा काढून हा प्रवास आखला. तिला समुद्रपक्षी पाहायचे होते व मला दफनघरे. एकाच बेटावर दोन्ही मिळत असल्याने वादाला जागा उरली नाही.

स्क्रॅबस्टर बंदरातून गाड्या घेऊन जाणारी मोठी बोट दीड तासात स्ट्रॉमनेसला पोहोचते. वाटेत हॉय बेटाचे तांबूस कडे आणि त्यांच्यापुढे समुद्रात एकटाच उभा असलेला १३७ मीटर उंचीचा 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' हा सुळका डेकवरून स्पष्ट दिसतो, आणि तो दिसू लागताच चहा टाकून सगळे प्रवासी एका बाजूच्या कठड्याला गोळा होतात. स्ट्रॉमनेस हे एका लांब, अरुंद, फरसबंद रस्त्याभोवती वसलेले गाव आहे. कॅनडाकडे जाणारी हडसन बे कंपनीची जहाजे येथे पाणी भरून घेत असत, आणि कंपनीने ऑर्कनीचे पुष्कळ तरुण नोकरीसाठी तिकडे नेले.

संध्याकाळी किनाऱ्यावर हिंडताना येथील दगड नीट पाहिला. सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वी एका विस्तीर्ण सरोवराच्या तळाशी गाळाचे थर साचून तो तयार झाला. आपल्याकडील शहाबादी फरशीसारखा तो थराथराने सुटतो, त्यामुळे कडेला पहार घातली की हव्या त्या जाडीची सरळ लादी हाती येते. वाऱ्यामुळे बेटांवर झाडे जवळजवळ नाहीत. लाकडाची अशी टंचाई आणि आयत्या लाद्या यांमुळे येथील लोकांनी घरे, बाके, फडताळे आणि थडगी हे सर्व दगडातच बांधले. इतरत्र जे कुजून गेले ते पाच हजार वर्षांनंतर येथे उभे आहे, त्याचे अर्धे श्रेय बांधणाऱ्यांना आणि अर्धे या लादीला द्यावे लागेल.

रविवार, मेझहाउ

ऑर्कनीच्या सर्वांत मोठ्या बेटाला 'मेनलँड' असेच म्हणतात. तेथील मेझहाउचे दफनघर, स्टेनेसच्या उभ्या शिळा, ब्रॉडगरचे शिळावर्तुळ आणि स्कारा ब्रे ही दगडी घरांची वस्ती यांना १९९९ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. स्कारा ब्रे आणि ब्रॉडगर आम्ही सकाळी पाहिले. दोन्ही ठिकाणी पर्यटक बोटींची गर्दी होती, म्हणून फार रेंगाळलो नाही.

मेझहाउ हा सुमारे पस्तीस मीटर व्यासाचा, बाहेरून साध्या गवताळ टेकाडासारखा दिसणारा उंचवटा असून वेळ आरक्षित केलेल्यांनाच मार्गदर्शकाबरोबर आत नेतात. सुमारे दहा मीटर लांबीच्या बोळातून कमरेत वाकून जावे लागते. "बाबा, मी सांगेपर्यंत मान वर करू नका," असे मुलीने बजावले होते, ते बरेच झाले. बोळाच्या भिंती म्हणजे थेट आतपर्यंत गेलेल्या अखंड प्रचंड शिळा आहेत. आतली खोली चौरस आहे, चारही कोपऱ्यांना उभे आधारखांब आहेत, आणि भिंती वर जाताना प्रत्येक थर किंचित पुढे काढून छत मिटवत नेले आहे. चुना नाही, माती नाही, तरीही कित्येक सांध्यांत सुरीचे पातेही शिरणार नाही. तिन्ही भिंतींत एकेक लहान कोनाडाखोली आहे आणि ती बंद करण्यासाठी घडवलेला दगड तिच्यापुढे जमिनीवर पडलेला आहे.

बांधकाम इसवी सनापूर्वी २८०० च्या सुमाराचे आहे. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या आसपास मावळत्या सूर्याचा किरण या बोळातून सरळ येऊन मागच्या भिंतीवर पडतो. मार्गदर्शक बाईंनी विजेरीने त्या किरणाची वाट दाखवली. जूनमध्ये यापेक्षा अधिकाची अपेक्षाही नव्हती.

मला अधिक गुंतवून ठेवले ते भिंतींवरील लिखाणाने. बाराव्या शतकात, ऑर्कनीवर नॉर्स सरदारांचे राज्य असताना, त्यांची माणसे छप्पर फोडून आत उतरली आणि त्यांनी आपल्या रून लिपीत तीसेक लेख कोरून ठेवले. त्यांत गंभीर असे फार थोडे आहे. इंगीगर्थ ही सर्वांत सुंदर स्त्री आहे असे एकाने कोरले आहे, आणि दुसऱ्याने आपण हे अक्षर किती उंचावर कोरले याचीच बढाई मारली आहे. गडावर बदाम कोरणाऱ्यांना आपण शिव्या देतो ते योग्यच आहे. आठशे वर्षे गेल्यावर मात्र तोच उद्योग संरक्षित वारसा ठरतो आणि त्यावर प्रबंध लिहिले जातात. पुढे १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली आणि ती कधीच सोडवली नाहीत. १८६१ साली जेम्स फॅरर या हौशी संशोधकाने मेझहाउ उघडले तेव्हा तोही वरूनच आत शिरला. म्हणजे ज्यांनी इतक्या नेमकेपणाने सूर्यासाठी दार ठेवले, त्यांच्या घरात नंतरचे बहुतेक पाहुणे छप्पर फोडून आले.

सोमवार, राउझी बेटाचा पूर्व भाग

टिंगवॉलच्या धक्क्यावरून राउझीला लहान बोट जाते. तीवर मोजक्याच गाड्या मावतात आणि त्या मागे घेतच चढवाव्या लागतात. मुलीने गाडी एका दमात उलटी घातली आणि मी मुकाट्याने समुद्राकडे पाहत बसलो. अर्ध्या तासाच्या आत पलीकडचा धक्का लागतो. बेटावर दोनशेच्या आसपास माणसे राहतात, एकच रस्ता बेटाला वळसा घालतो, आणि या एवढ्याशा भूमीवर पुरातत्त्वीय स्थळांची इतकी दाटी आहे की राउझीला 'उत्तरेचा इजिप्त' म्हणतात. हे नाव मला अतिशयोक्त वाटते, कारण येथे कोणी राजा पुरलेला नाही. जे पुरले ते सगळे गावचेच लोक होते.

धक्क्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर टॅव्हर्सो ट्युइक हे दुमजली दफनघर आहे. अशी दुमजली रचना फारच विरळा आढळते. खालची खोली उताराच्या पोटात खोदलेली असून तिचे दार उताराच्या बाजूला आहे, तर वरच्या खोलीचे दार नेमके विरुद्ध दिशेला आहे, आणि खालचे छत तेच वरची जमीन होते. मूळ बांधकामात एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट नव्हती. आज मधल्या भोकातून लोखंडी शिडी सोडलेली आहे. मी शिडीने उतरलो, मुलगी बाहेरून वळसा घालून खालच्या बोळातून रांगत आली, आणि आमची भेट झाली तेव्हा तिच्या कोपरांना चिखल लागलेला होता.

या जागेचा शोध १८९८ मध्ये लागला. बेटाचे जमीनदार जनरल फ्रेडरिक ट्रेल-बरोज टेकडीवर बसण्यासाठी जागा तयार करवून घेत असताना जमिनीखालचे बांधकाम उघडे पडले. हे बरोज १८५७ मध्ये ९३व्या हायलँडर पलटणीत होते आणि लखनौच्या सिकंदरबागेवरील हल्ल्यात भिंतीच्या खिंडारातून आत शिरणाऱ्या पहिल्या काहींपैकी होते. त्यांना ही जमीन ज्यांच्याकडून वारशाने आली ते जॉर्ज विल्यम ट्रेल म्हणजे कुमाऊँचे ब्रिटिश आयुक्त. पिंडारी हिमनदीवर जाणाऱ्या आपल्याकडील गिर्यारोहकांना नकाशावरील 'ट्रेल पास' परिचयाचा असतो, तो त्यांच्याच नावाचा. ही खिंड ज्याच्या नावाची त्याचे घराणे अशा एखाद्या बेटावर भेटेल असे मला कधी वाटले नव्हते, आणि ते कोणत्या कारणाने येथे लक्षात राहिले आहे हे तर दुसऱ्या दिवशी कळले.

दुपारी ब्लॅकहॅमरचे दफनघर पाहिले. छतातील सरकते झाकण बाजूला करून शिडीने आत उतरायचे असते. लांबट खोलीत उभ्या लाद्यांच्या जोड्यांनी सात कप्पे पाडले आहेत, पण सापडले अवघ्या दोन माणसांचे अवशेष. वरचे काँक्रीटचे छत विसाव्या शतकातले असून आत ओल धरली आहे. येथे थांबण्यासारखे फारसे नाही.

मंगळवार, मिडहाउ

राउझीला येण्याचे माझे खरे कारण मिडहाउ होते. धक्क्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला गाडी लावून कुरणांतून समुद्राकडे तीव्र उताराने खाली जावे लागते. वारा इतका होता की एकमेकांशी बोलण्यासाठी थांबून तोंडे वळवावी लागत होती. समोर आयनहॅलोची खाडी आणि तिच्या मधोमध त्याच नावाचे लहान बेट होते, आणि भरतीचे पाणी तेथे अक्षरशः उकळत होते.

किनाऱ्यालगत दगडी भिंतींची एक मोठी कोठारवजा इमारत दिसते. कोणाच्या तरी शेतावरील गोदाम म्हणून सहज पुढे निघून जावे इतकी ती साधी आहे. दार ढकलून आत गेल्यावर वाऱ्याचा आवाज एकदम बंद होतो आणि डोळे सरावल्यावर खाली पसरलेली दगडी रचना दिसू लागते. मूळ दफनघर साडेबत्तीस मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, तर आतील खोली तेवीस मीटर लांब असून उभ्या लाद्यांच्या जोड्यांनी तिचे बारा कप्पे केले आहेत. मूळ छत केव्हाच गेलेले असल्यामुळे वरून टांगलेल्या पुलांवरून चालत संपूर्ण रचना एखाद्या आराखड्यासारखी पाहता येते.

उत्खनन १९३२-३३ मध्ये वॉल्टर ग्रँट आणि जे. ग्रॅहॅम कॅलँडर यांनी केले. ग्रँट हे कर्कवॉलच्या हायलँड पार्क या व्हिस्कीच्या कारखान्याचे मालक असून त्यांनी राउझीवरील ट्रमलँडची मालमत्ता विकत घेतली होती. त्यांना येथे पंचवीस माणसांचे अवशेष मिळाले. त्यांत सतरा प्रौढ, चौदा ते वीस वयातील सहा आणि दोन ते चार वर्षांची दोन मुले होती. बहुतेक अवशेष खोलीच्या एकाच लांब बाजूला, कप्प्यांतील दगडी बाकांवर किंवा बाकांखाली होते. काही सांगाडे गुडघे पोटाशी घेऊन, पाठ भिंतीला आणि डोके उभ्या लादीला टेकवून कुशीवर ठेवलेले होते, तर इतरांची हाडे गोळा करून बाकाच्या मध्यावर रचलेली होती आणि त्यांवर कवटी होती.

याचा अर्थ विचारात घेण्यासारखा आहे. एकदा माणूस आत ठेवला, दगड लावला आणि विषय संपला, असे हे थडगे नव्हते. इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास बांधलेल्या या घराचे दार पिढ्यान्‌पिढ्या उघडले जात होते. कोणीतरी वाकून आत येत होते, नव्याने मेलेल्याला बाकावर निजवत होते आणि जुन्याची हाडे उचलून बाजूला सारत होते. म्हणजे मेलेल्या आजोबांना हात लावणे त्यांना निषिद्ध वाटत नसावे. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, जी मिडहाउपेक्षा सुमारे दोन हजार वर्षांनी अलीकडची आहे, मृत बालकांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत घालून राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत असत. तेथे मृत माणूस जिवंतांच्या घरात राहिला आणि येथे जिवंत माणसे मृतांच्या घरात ये-जा करीत राहिली. शेवटी मात्र बोळात दगड भरून हे दार बंद करण्यात आले, आणि तसे का केले असावे यावर तज्ज्ञांची मते जुळत नाहीत.

पुलावरून उतरून बाहेरच्या भिंतीपाशी गेल्यावर एक गोष्ट दिसली, तिच्याकडे घाईत दुर्लक्ष होते. तळाच्या थरातील लाद्या आडव्या न बसवता तिरक्या रचल्या आहेत आणि त्यांवरच्या थरातील लाद्या उलट दिशेने तिरक्या आहेत, त्यामुळे भिंतीवर त्रिकोणांची नक्षी उमटली आहे. त्या काळच्या मातीच्या वाडग्यांच्या काठाखाली अशीच रेघांची नक्षी खरवडलेली असते. तिरक्या रचनेने भिंतीला बळकटी येत नाही, ही केवळ शोभा आहे. एका लादीची कड मी जवळून पाहिली. ती फोडताना उडालेल्या टवक्याची कोर अजूनही धारदार होती आणि पाचशे पिढ्यांपूर्वीचा म्हणावा तो घाव कालचा वाटत होता. पिढ्यांचा हिशेब मुलीने लगेच दुरुस्त केला. "बाबा, दोनशे म्हणा. पंचवीस वर्षांची एक पिढी." हिशेब तिचा बरोबर होता.

प्राण्यांची हाडेही पुष्कळ निघाली. त्यांत गाय-बैल, मेंढी, तांबडे हरीण, पक्षी, मासे आणि ऑर्कनी व्होल हा उंदरासारखा लहान प्राणी होता. हा व्होल ब्रिटनच्या मुख्य भूमीवर आढळत नाही. त्याचे नातलग युरोप खंडात आहेत आणि नवाश्मयुगीन माणसांच्या बोटींतूनच तो येथे आला असे मानतात. बाहेर गवतात तसाच एक झर्रकन पळताना दिसला. दफनघराला लागूनच लोहयुगातील मिडहाउ ब्रॉख हा जाड भिंतींचा गोल बुरूज आहे आणि त्याच्या आत झऱ्याच्या पाण्याचे दगडी टाके अजून भरलेले आहे.

तेथून वायव्येकडे किनाऱ्याने चालत क्वांडेलला गेलो. येथे जमिनीच्या पट्ट्यांच्या खुणा, कोसळलेल्या भिंती आणि छप्पर नसलेली घरे पसरलेली आहेत. १८४५ च्या सुमारास कुमाऊँहून परतलेल्या ट्रेलसाहेबांनी मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करण्याकरिता येथील कुटुंबांना उठवले. पुढे बरोज जमीनदार झाले. १८८३ मध्ये कुळांच्या तक्रारी ऐकण्यासाठी नेपियर आयोग कर्कवॉलला आला तेव्हा जेम्स लेनर्ड या राउझीच्या कुळाने वाढत्या खंडाविरुद्ध जाहीर साक्ष दिली, आणि त्याबद्दल बरोजनी त्याला घराबाहेर काढले. अशा प्रकरणांतूनच १८८६ चा कायदा झाला आणि कुळांना बेदखलीपासून संरक्षण मिळाले. खोतीचा आणि कुळकायद्याचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला यातले काहीही अपरिचित वाटणार नाही.

मला या दोन जागांचे शेजारपण खटकले. पाच हजार वर्षांपूर्वीच्या पंचवीस माणसांसाठी इमारत, पूल आणि माहितीफलक आहेत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हाकलल्या गेलेल्या कुटुंबांच्या चुलींवर पाऊस पडतो. दफनघराला छत मिळाले हे उत्तमच झाले, पण मिडहाउ पाहून गाडीकडे परतणाऱ्याने आणखी तासभर काढून क्वांडेलपर्यंत जावे असे माझे मत आहे.

बुधवार, परतीचा दिवस

दिवसभर पाऊस पडला. दुपारच्या बोटीने मेनलँडला परतलो आणि कर्कवॉलमध्ये ११३७ साली सुरू झालेले सेंट मॅग्नसचे तांबड्या-पिवळ्या दगडांचे कॅथेड्रल पाहून संध्याकाळी स्ट्रॉमनेस गाठले.

गुरुवार, हॉय

स्ट्रॉमनेसहून हॉयच्या उत्तर टोकाला जाणारी बोट फक्त माणसे नेते. गाडी नसल्याने धक्क्यापासून रॅकविककडे जाणाऱ्या रस्त्याने चालत गेलो. ऑर्कनीतील सर्वांत उंच अशा वॉर्ड हिलच्या पायथ्याच्या ओसाड दरीत, दलदलीवर टाकलेल्या फळ्यांच्या वाटेच्या शेवटी, ड्वार्फी स्टेन नावाची एकटी शिळा पडलेली आहे. ती साडेआठ मीटर लांब आणि जवळजवळ चार मीटर रुंद आहे. बाकीची दफनघरे लाद्या रचून बांधलेली असताना हे मात्र एकाच वालुकाश्मात कोरलेले आहे, आणि ब्रिटनमध्ये या प्रकारचे दुसरे उदाहरण नाही असे मानले जाते. लेण्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला कोरीवकाम पाहून नवल वाटू नये. तरीही ज्यांच्याकडे धातूचे एकही हत्यार नव्हते त्यांनी दगड आणि शिंगांच्या अवजारांनी हे केले हे लक्षात आल्यावर मी छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवत बराच वेळ बसलो. चौकोनी भोकातून आत रांगत गेल्यावर दोन्ही बाजूंना एकेक माणूस आखडून निजेल एवढ्या खोल्या आहेत, त्यांपैकी एकीत उशीसारखा उंचवटा राखला आहे. दार बंद करण्याचा मोठा दगड बाहेर पडलेला आहे.

येथेही नंतरच्या पाहुण्यांनी अक्षरे कोरली आहेत, आणि त्यांतला एक लेख चक्क फारसी लिपीत आहे. विल्यम माउन्सी नावाचा लष्करी अधिकारी १८५० मध्ये या शिळेपाशी राहिला. इराण आणि अफगाणिस्तानात तो ब्रिटिशांसाठी हेरगिरी करीत असे असे सांगतात. त्याने आपले नाव लॅटिनमध्ये उलट्या क्रमाने कोरले आणि त्याखाली सफाईदार वळणाच्या फारसीत एक ओळ लिहिली. तिचा आशय असा की मी येथे दोन रात्री बसलो आणि त्यामुळे धीर धरायला शिकलो. लखनौ, कुमाऊँ आणि काबूलकडे गेलेली माणसे परत येऊन या बेटांवर काय काय करून ठेवत होती, याचा हा तिसरा नमुना होता, आणि सर्वांत निरुपद्रवी.

त्याला धीर कोणत्या गोष्टीने शिकवला याचे येथील लोकांचे उत्तर ठरलेले आहे. या दरीत मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचे थवे असतात आणि वारा पडला की ते बाहेर येतात. आम्ही शिळेपाशी पोहोचलो तेव्हा वारा होता. थोड्या वेळाने तो थांबला, आणि मुलीने पाठपिशवीतून जाळीच्या टोप्या काढेपर्यंत माझे दोन्ही कान सुजलेले होते.